झाडावरचं गोड

लघवीचे थेंब टाकून तापवलेलं नळीतलं निळं पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. शिवकांतानं स्पिरिटचा दिवा विझवला.

“बघ रं महांतप्पा, बघ!” बाजेवरून तिची सासू रुद्रम्मा कडाडली. “साखरेचा कण म्या जिभेला लावला न्हाय. मग लघवीत साखर येती कुठनं? हीच घालती कालवणात. मारायचंय मला हिला.”

शेजारच्या बायकांनी कुडावरून माना उंचावल्या. शिवकांता नळी विसळू लागली. बोलून उपयोग नव्हता. नवरा महांतप्पा सोसायटीच्या रेशन दुकानात साखर तोलायचा. सासूला साखरेचा आजार निघाल्यापासून त्यानं घरची साखर आणि गूळ कुलपात घातला होता. किल्ली आईच्याच कमरेला होती. तरी सून सासूला गोड घालून मारते, असं गावभर झालं होतं. आडावर बायका तिच्या घागरीजवळून आपली घागर लांब सरकवून घेत.

दुष्काळाचं साल होतं. रानात ज्वारी उगवलीच नव्हती. डोंगराच्या उतारावर सीताफळं तेवढी धरली होती. दुकान बंद केलं, की महांतप्पा पाटीभर घेऊन यायचा. आईच्या बाजेवर बसून एकेक फोडायचा, बिया काढून तिला भरवायचा.

“साखर तुटली, मग अंगात ताकद कुठनं येणार?” तो म्हणायचा. “हे देवानं झाडावर दिलेलं. ह्यात कसली साखर?”

रुद्रम्मा डोळे मिटून खायची. शिवकांतालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मग रुद्रम्माच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. जखम चिघळली, काळी पडली. तिघं एसटीनं धाराशिवला निघाली. स्टँडवर उतरताना महांतप्पा बायकोला म्हणाला, “डाक्टरपुढं कबूल कर. न्हायतर हितनंच वाशीची गाडी धर आन् माहेरी जा.”

डॉक्टरांनी त्याला औषधं आणायला पिटाळलं. फडकं सोडवता सोडवता त्यांनी शिवकांताला विचारलं, “दिवसभरात काय काय खातात? सगळं सांगा.”

“भाकरी, वरण, अंबाडीची भाजी. च्या बिनसाखरंचा. सांजच्याला सीताफळं.”

“किती?”

“पाच-सहा. कधी जास्त.”

डॉक्टरांचा हात थांबला. “अहो, चहातली साखरच तेवढी मोजता का? फळातली साखर पोटात गेली की साखरच. तीही धरायची असते. पहिल्याच खेपेला, मुलगा औषधं आणायला गेला होता तेव्हा, मी या आजींना सांगितलं होतं. सीताफळाचं नाव घेऊन सांगितलं होतं.”

ते हात धुवायला आत गेले.

शिवकांतानं सासूकडं पाहिलं. रुद्रम्मा भिंतीकडं बघत होती.

“आत्याबाई, तुमाला ठावं होतं?”

“व्हय.”

“आन् गावभर माझं नाव?”

रुद्रम्मानं तिचं मनगट पकडलं. म्हातारीच्या बोटांत अजून जोर होता. “तू आल्यापास्नं त्यो माझ्यापशी घटकाभर बसत नव्हता. सीताफळं फोडाया लागला, तवा बसाया लागला. आता पाय तोडला, तर ‘माझ्या हातानं झालं’ म्हणून जलमभर झुरंल. त्याला सांगू नगं. ‘साखर म्या घातली’ आसं तू म्हण. तू काय, परक्याची.”

बाहेर पायऱ्यांवर वहाणा वाजल्या. डॉक्टर हात पुसत परत आले. महांतप्पा औषधाच्या बाटल्या घेऊन दारात उभा राहिला आणि बायकोकडं रोखून बघत म्हणाला, “केलंस का कबूल?”

शिवकांतानं मनगट सोडवून घेतलं.

“तुमची सीताफळं बाधली,” ती म्हणाली. “आत्याबाईंना पहिल्यापास्नं ठावं होतं.”

“खोटं बोलती सटवी!” रुद्रम्मा किंचाळली. “हीच घालती साखर. तू भरवलंस ते औषध होतं रं बाळा, औषध!”

महांतप्पानं आईकडं पाहिलं. मग बायकोकडं. मग हातातल्या बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि डॉक्टरांना हळूच विचारलं,

“साहेब, सीताफळात साखर असती व्हय?”