चियोची कॅसेट

ओसाकातल्या माझ्या जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आता आठवड्यातून एखादंच गिऱ्हाईक येतं. बाकी सगळे घरबसल्या डाउनलोड करतात.

ओगावाकाका तेवढे येतात. परवा त्यांनी लेकीची कॅसेट आणली. मागच्या बाजूला वेड्यावाकड्या अक्षरांत तिने मार्करने नाव लिहिलेलं होतं. चियो नवव्या वर्षीच गेली.

“मुलाने हाच गेम डाउनलोड करून दिला, ताई. चित्र कसं लख्ख दिसतं! पण त्यात चियो नाही.”

“काका, हिच्यातला सेल संपत आलाय. बदलला की आत साठवलेली खेळणाऱ्यांची नावं पुसली जातील.”

“पुसली जाऊ देत. ती परत लिहिते. आधी स्वतःचं, मग खाली ‘बाबा’.”

म्हातारपणाशी वाद काय घालायचा, म्हणून मी गुपचूप सेल बदलला. टीव्हीवर नावांच्या तिन्ही जागा कोऱ्या आल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग वरच्या जागेत ‘चि’ उमटलं. खेळायचा रिमोट तर वायर गुंडाळून काउंटरवर पडला होता. बऱ्याच वेळाने ‘यो’ आलं.

“अक्षरं शोधावी लागतात तिला,” काका कौतुकाने म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

खालच्या जागेत पहिलं अक्षर आलं. ते ‘बा’ नव्हतं. काकांचं हसू मावळलं. एकेक करत बाकीची अक्षरंही आली.

“ही नात्सुए कोण, ताई?” त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

आई गेल्यापासून मला त्या नावाने कुणीही हाक मारलेली नाही.