फाटकापासून तीस पावलं

“मोटार घराला चिकटून घ्यायची का अलग ठेवायची, तेवढं सांगा भाऊ,” रामकिसन मिस्त्री म्हणाला. रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं त्याच्या काखेत होतं. हर्सूलच्या त्या मोकळ्या प्लॉटवर घराच्या चारी भिंती पांढऱ्या रेघांनी उमटल्या होत्या. राहिलं होतं ते फक्त गॅरेज.

“चिकटून,” बद्रीनाथ म्हणाला. “आणि गॅरेजातून सरळ सैपाकघरात दार काढ. मोटार आत, की मी आत. घरात कुणाला पत्ताबी लागला नाय पाहिजे.”

तो हसला. मिस्त्रीही हसला. बद्रीनाथची बायको चतुरा मात्र जागच्या जागी थिजली. डोक्यावरून घसरलेला पदर सावरायचंही तिला सुचेना.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा दाराचं काय घेऊन बसलीस बाई. पण शहागंजातल्या भाड्याच्या घरात तिचं आजवर निभावलं, ते गल्लीच्या जिवावर. गल्ली चिंचोळी. मोटार आत शिरायची नाही, म्हणून बद्रीनाथ ती तोंडाशीच उभी करून चालत यायचा. मोजून बावन्न पावलं. मोटारीचं दार आपटलं की चतुराचे कान टवकारायचे. पावलं सावकाश पडली, तर दिवस बरा गेला. भरभर पडली, तर आजचं काही खरं नाही. मग दोन्ही पोरी माळ्यावर, लाटणं-उलथणं-सांडशी, त्याच्या हाताला लागेल ते सगळं फडताळात, आणि ताट वाढून पाटासमोर. बावन्न पावलांत तिचं एवढं सगळं उरकायचं. गेल्या दिवाळीत मात्र तो कुणाच्या तरी स्कूटरवरून थेट दारात उतरला, आणि धाकटीच्या कपाळाला तीन टाके पडले. जिन्यावरून पडली, असं चतुरानं दवाखान्यात सांगितलं.

“अलगच ठेवू या ना,” ती म्हणाली. “सैपाकात पेट्रोलचा वास येईल. गॅस तिथंच असतो.”

“टाकीला झाकण असतं.”

“पोरी लहान हायेत. मोटारीचा धूर...”

“चतुरे.” त्यानं नुसतं नाव घेतलं आणि तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. “तुला अलगच का पाहिजे गं?”

याला कळलं तर? ती पावलं मोजते हे एकदा का याच्या ध्यानात आलं, तर उद्यापासून हा गल्लीतसुद्धा चपला हातात घेऊन येईल. तिनं घसरलेला पदर डोक्यावर ओढून घेतला.

पलीकडं विटांच्या ढिगावर तिची सासू दगडाबाई बसली होती. तिच्याकडून चतुराला कधीच कसली आशा नव्हती. लेक तिचा. घरात बांगड्या फुटल्या की म्हातारी केरसुणी घेऊन मुकाट काचा गोळा करायची; तोंडातून अवाक्षर नाही. कौतुक काय ते तिला बैलांचं. लोक पोळ्यापुरती घुंगरमाळ बांधतात, हिनं ती बैलांच्या गळ्यात बारा महिने ठेवली होती. तिचा नवरा पुंजाराम बाजाराहून बैलगाडी घेऊन निघाला की शिवेपासून सगळ्या गावाला ऐकू यायचं. दगडाबाईला नवऱ्यापेक्षा बैल प्यारे, अशी गावभर चेष्टा चालायची. पुंजाराम गेला, बैल विकले, वावर विकून हा प्लॉट घेतला. शहरात येताना म्हातारीनं गावाकडचं दुसरं काही नाही, तेवढी माळ उचलून आणली आणि शहागंजात खुंटीला टांगली.

“टाक रे फक्की,” बद्रीनाथ म्हणाला.

मिस्त्रीनं घराला लागून रेघ ओढायला घेतली. सैपाकघराच्या भिंतीत दाराची जागा सुटली. चतुराला वाटलं, संपलं आता.

दगडाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. रेघेपाशी आली. आणि अनवाणी पायानं तिनं ती पांढरी रेघ पुसायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

“मोटार तिकडं, फाटकापाशी,” ती म्हणाली. “फाटकापासून दारापर्यंत खडी टाकायची. जाड खडी.”

“माय, तुला काय कळतं मोटारीतलं?” बद्रीनाथचा आवाज चढला. चतुराचे दोन्ही हात आपोआप चेहऱ्यापाशी गेले.

“काय नाय कळत. पण खरेदीखतावर अंगठा माझा हाय.”

मिस्त्रीनं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. परक्या माणसासमोर बद्रीनाथनं राग गिळला आणि हसून घेतलं. “बघा मिस्त्री, आमची माय मोटारीलाबी बैल समजती. म्हणं गोठा लांब पाहिजे. होऊ द्या म्हातारीच्या मनासारखं.” तो मिस्त्रीला घेऊन फाटकाकडं गेला.

दगडाबाई घराच्या रेघेपासून फाटकाकडं चालत गेली आणि तशीच परत आली. तिचे ओठ हलत होते. चतुरानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“तीसच भरली,” म्हातारी हळूच म्हणाली. “शहागंजापरीस कमी हायेत. पर खडी वाजती. पोरींना आत न्यायला पुरतील.”

“आत्याबाई, तुम्ही पण मोजत होता?”

दगडाबाईनं पाण्याचा घोट घेतला. फाटकापाशी उभ्या असलेल्या लेकाकडं एकवार पाहिलं.

“बैलांची हौस कुणाला होती, पोरी,” ती म्हणाली. “तुझा सासरा शिवंवर आला की मला कळावं, म्हणून बांधली होती ती माळ.”