जुनाच दवाखाना

या खेपेला पोटात मुलगा असल्याची दानम्माने खात्री करून घेतली होती. त्यामुळे सुनेचं बाळंतपण बीडच्या नव्या दवाखान्यात करायचं, हे तिने ठरवून टाकलं. तिथे लिफ्ट होती, चोवीस तास गरम पाणी होतं. कावेरी मात्र जुन्याच दवाखान्यावर अडून बसली.

"त्याचा जिना लई खडा हाय गं बाई," दानम्मा कळवळून म्हणाली.

मागे दोनदा, मुलगी आहे असं कळल्यावर, कावेरीचं पोट रिकामं करायला तिनेच तिला त्या जिन्याने वर नेलं होतं. तेव्हा जिन्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

शेवटी रुद्रेशने बायकोचा हट्ट मानला. निघायच्या दिवशी सकाळी दानम्माने पिशवी उघडून पाहिली. दुपटी, लंगोट, वेखंडाची पुडी, सगळं होतं. टोपडी तेवढी तीन निघाली, दानम्माच्याच जुन्या इरकलीतून शिवलेली.

"एका लेकराला तीन टोपडी कशाला गं?"

कावेरीने ती परत नीट घडी घालून पिशवीत ठेवली.



"दोघी तिथंच हायत की, आत्याबाई. थंडी लई पडलीय."