धडधाकट

“पायाचं काही काढू नको त्याहिच्यासमोर,” करुणाचे बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले. “सरळ चालून राहिली ना तू आता? मंग झालं.”

करुणा चहाचा ट्रे उचलून बाहेर गेली.

बाहेर पांढुर्ण्याचे पाहुणे बसले होते. मुलगा अंकुश तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघायचा. सोबत त्याची आई, यमुनाबाई. आईने दिवाणावर बैठक मारली होती. मुलगा उंच खुर्चीत ताठ बसला होता.

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. करुणा आता सरळ चालत होती. कोरोनात ती मरता मरता वाचली. जीव वाचवायला जी जबर औषधं द्यावी लागली, त्यांनी पुढे तिचा डावा खुबा खाल्ला. आधी सगळ्यांनी वात म्हटला. लोधीखेड्याच्या एका माणसाने तेल लावून पाय ओढून दिला, तेव्हा ती उभ्या उभ्या किंचाळली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, हाडाचा गोळा आतून सुकून गेलाय, सांधा बदलावा लागेल. तिशीही न गाठलेल्या पोरीचा सांधा. तोवर ती सौंसरच्या शाळेत भिंतीला हात लावत वर्गावर जायची. बघायला आलेली स्थळं तिला आतून बाहेर येताना पाहायची, चहा प्यायची, आणि मग त्यांचा फोन यायचा नाही.

ऑपरेशननंतर लंगडणं गेलं. बाई येत असल्याचं पोरांना पावलांवरून कळेनासं झालं. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, खोल वाकू नका, बाकी सगळं करा, असं डॉक्टर म्हणाले होते. लग्न करा, लेकरं होऊ द्या, तेसुद्धा.

यमुनाबाईंना मुलगी आवडली होती. त्यांच्या बोलण्यातून ते कळत होतं. शाळा किती वाजता सुटते, स्वयंपाक येतो का, पांढुर्ण्याला बदलून येता येईल का. अंकुश कमी बोलला. “लहान पोरं तरास देत असतील ना?” एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, “देतात. पण सुट्टीत करमत नाही मले त्याहिच्याशिवाय.” तो हसला. ते हसू तिला आवडलं, आणि तिथेच तिची पंचाईत झाली. नावडत्या माणसापासून लपवणं सोपं गेलं असतं.

“चला, आमची बाजू त पक्की,” यमुनाबाई म्हणाल्या आणि पाय जमिनीवर सोडून त्यांनी पदर सावरला. “ये बाई, पाया पड.”

बाबा लगबगीने पुढे झाले. “राहू द्या हो, आजकालच्या पोरी...”

“मोठ्याच्या पाया पडाले काय आजकाल अन् काय परवा?”

करुणाने हात जोडले. बाबांकडे पाहिलं नाही. “मले इतकं वाकता येत नाही, आई. माया डावा खुबा बदलला आहे. नागपूरले ऑपरेशन झालं.”

मग तिने सगळं सांगितलं. औषधं, सुकलेलं हाड, आतला धातूचा सांधा. चोरी पकडली गेल्यासारखे बाबा खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. यमुनाबाईंनी हातातली संत्र्याची फोड बशीत परत ठेवली.

“पोरगी चांगली आहे तुमची,” त्या बाबांना म्हणाल्या. “खोटं नाही बोलली. पण आमच्या घरी धडधाकट पोरगी पाहिजे, भाऊ. माया हातानं आता होत नाही. उद्या हिचा पाय पुन्हा गेला, त कोणी कोणाचं करावं?”

करुणा अंकुशकडे बघत होती. त्याने एक वाक्य बोलावं, अर्धं बोलावं. नकाराचं असलं तरी चाललं असतं. तो खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठला आणि मान खाली घालून दाराकडे गेला.

यमुनाबाई तरातरा पुढे निघाल्या. गाडी वळणावर उभी होती. बाबा त्यांना पोचवायला गेले, हात जोडत, काहीबाही बोलत. करुणा दारापुढच्या ओट्यावर आली. दार लावून घ्यायचं आणि आत जाऊन कप विसळायचे, एवढंच तिला करायचं होतं.

अंकुश अजून पायऱ्यांवर होता.

त्याने भिंतीवर पंजा टेकवला होता. एक पाय खालच्या पायरीवर टेकवला, दुसरा त्याच्याशेजारी आणून ठेवला, क्षणभर थांबला, मग पुढची पायरी. कंबर न हलवता, मान न वाकवता, नवीन चालायला शिकलेल्या लेकरासारखं. वॉकर सुटल्यावर दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी करुणाकडून असंच उतरणं घोटून घेतलं होतं. ते तिच्या इतकं अंगात भिनलं होतं, की ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचा स्वतःचा हात भिंतीवर गेला.

शेवटच्या पायरीवर त्याला ती मागे उभी असल्याचं जाणवलं. त्याने वळून पाहिलं.

“कोणत्या बाजूचा?” तिने विचारलं.

वळणावरून आईने हाक मारली. अंकुशने तिकडे पाहिलं, मग करुणाकडे.

“दोन्ही,” तो म्हणाला.