गेलेला मुहूर्त

तुंगाबाईंचा होणारा नातजावई अवधूत पदार्थविज्ञानातला डॉक्टर. साखरपुड्यातच त्याने त्यांना ऐकवलं होतं, "आजी, काळात पुढे एक वेळ जाता येईल, पण मागे जाणं विज्ञानात बसत नाही."

लग्नाच्या दिवशी हा शहाणा बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि मुहूर्त टळला. "अक्का, आता पुढच्या महिन्यातच," गुरुजी म्हणाले. नवरीचे डोळे भरून आले. तुंगाबाईंनी पदर खोचला आणि खुर्चीवर चढून कार्यालयातलं घड्याळ चांगलं तासभर मागे फिरवलं.

"अक्का, पण माझ्या मोबाइलात तर..."

"मोबाइलातली वेळ परदेशातनं येते, गुरुजी. आपली ती भिंतीवरची. आणि अक्षता पडल्याशिवाय पंगत बसायची नाही, सांगून ठेवते."

स्वयंपाकघरातून साजूक तुपाचा वास येत होता. "सरी अक्का, तुमचंच खरं," म्हणत गुरुजींनी अंतरपाट मागवला.

तेवढ्यात अवधूत घामाघूम होऊन पोचला. त्याने घड्याळाकडे पाहिलं, तुंगाबाईंकडे पाहिलं आणि हळूच त्यांच्या कानाशी वाकला.



"आजी, अजून स्वल्प मागे घ्या ना. मंगळसूत्र बाबांकडे आहे आणि बाबा अजून बेळ्ळंदूरलाच आहेत."