मशीन चालू स्थितीत

विकायला काढलेलं मशीन बघायला आलेल्या चष्मेवाल्यासाठी दार उघडलं ते त्याच्या सख्ख्या वहिनीनं.

उंबऱ्याच्या दोन बाजूंना दोघं तसेच उभे राहिले. पत्ता नवा होता. फोनवर बोलली होती ती कुणी तरुण मुलगी, आणि पुतणीचा आवाज ओळखावा इतकं तिच्याशी बोलणं एवढ्या वर्षांत झालंच नव्हतं. वडिलांचं वर्कशॉप ठेवायचं की मोडायचं, यावरून दोघा भावांचं फाटलं ते फाटलंच. आल्या पावली परत फिरावं, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. पण वहिनी बाजूला सरकली आणि म्हणाली, "या भाऊजी."

आतल्या खोलीत खिडकीशी मशीन होतं. टेबलावर मावेल एवढंच, पण अंगानं भक्कम. हौसेखातर घरीच धातू कापायचा, तोही कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, तर नेमकं कुठलं घ्यावं, यावर चष्मेवाल्यानं वर्षभर डोकं खाजवलं होतं. त्याच्या चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतलं मशीन लाकूड मुकाट कापायचं. पितळ लावलं की सगळा सांगाडा थरथरायचा. याचा सांगाडा ओतीव लोखंडाचा होता. जाहिरातीतला फोटो बघूनच तो भाळला होता. दादानं याहून मोठं घेतलं असणार, नाहीतर हे तो कसलं सोडतोय, असं त्याला वाटलं, आणि इतक्या वर्षांनंतरही पोटात जरा दुखलंच.

तो वाकला. पकडीत अॅल्युमिनियमची जाड पट्टी अजून तशीच होती आणि कटर अर्ध्या खोबणीत थांबला होता. बाजूला नवी, मोठी मोटर खोक्यात पडून होती. चष्मेवाल्याला उलगडा झाला. ही पट्टी ती मोटर बसवण्यासाठी. दादा मशीनकडूनच मशीनचा नवा भाग कापून घेत होता.

"हे अर्धवट का सोडलंय?" त्यानं विचारलं. "दादा कुठाय?"

वहिनीनं त्याच्याकडे रोखून बघितलं. हा माणूस थट्टा करतोय की काय, असा चेहरा झाला तिचा. मग तो चेहरा हळूहळू बदलला.

"तुम्हाला खरंच माहीत नाही? हे गेले, भाऊजी. गेल्या महिन्यात."

चष्मेवाल्याचा हात मशीनवर होता. तो आपलं काम करत राहिला. अंगठा सरकपट्टीवरून फिरला, तेलाचा ओलसर थर लागला. मोटरचं डोकं धरून हलवून बघितलं, जराही ढिलाई नव्हती. विकत घ्यायला आलेला माणूस जे जे बघतो ते सगळं त्यानं बघितलं, मागची वायरसुद्धा. वहिनीचे शब्द कानांत शिरले होते, पण पुढे कुठे गेले नव्हते.

"मी लगेच फोन केला होता. दुसऱ्या दिवशी परत केला. यांच्याच फोनवरून. तुम्ही उचलला नाहीत."

ते मात्र त्याला आठवलं. तो एका गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता. काउंटरवर फोन थरथरला, वर दादाचं नाव. त्यानं फोन पालथा घातला होता. वर्कशॉपचंच काहीतरी उकरून काढणार, अशी त्याची खात्री होती.

वहिनीचा आवाज चढला नाही. तुम्हाला कुणीतरी कळवलं असेल आणि तरी तुम्ही आला नाहीत असं मी धरून चालले, एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली.

पुतणीनं आणखी एका गिऱ्हाईकाला याच वेळी बोलावलं होतं. हसतमुख माणूस, खांद्याला बॅग. दारातूनच बोलायला लागला. वहिनी त्याला आत घेऊन आली. आता ही आपल्यालाही गिऱ्हाईकच म्हणणार, असं चष्मेवाल्याला वाटलं.

"हे माझे धाकटे दीर," वहिनी म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही यांनाच विचारा."

माणूस विचारत गेला आणि चष्मेवाला सांगत गेला. पितळ, अॅल्युमिनियम खुशाल कापा. पोलादाच्या नादी लागू नका. मोठी मोटर घेऊन ठेवलेली आहे, तिची पट्टी अर्धी झालीच आहे. आवाज अगदी दुकानातल्यासारखा येत होता. वर्कशॉपमधल्या दादाच्या सवयी त्याला पाठ होत्या. दादा रोज तेल देतो, तो म्हणाला. काम झालं की धातूचा कीस ब्रशनं काढतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती.

माणूस खूष झाला. सांगाड्यावर थाप मारत त्यानं विचारलं, "मशीन तर फर्स्टक्लास आहे हो. मग विकताय कशाला?"

चष्मेवाल्यानं वहिनीकडे बघितलं.

"माझा दादा गेला," तो म्हणाला. स्वतःच्याच तोंडून ते ऐकलं. मशीनला धरून धरून तो जमिनीवर बसला.

त्या माणसानं सांगाड्यावरचा आपला हात हळूच काढून घेतला.