घाटावरचा तरुण दिगंबर

नदीकाठच्या पायवाटेवर पर्यटकांना जुने घाट आणि खंड्याची घरटी दाखवणारा दिगंबर निव्वळ प्रकाशाचा होता. वाटाड्या दिगंबर ओतारी तिशीत असताना त्यांच्यावरूनच तो घडवला होता. आता त्यांची बायको शालन रोज त्याच्याबरोबर फिरायला जाई, म्हणून आज ओतारी जळफळत मागोमाग निघाले.

"तेच पाल्हाळ! हे सगळं मी तुला कधीच सांगितलंय," ते फणकारले.

"सांगितलंत हो. पण तो अजून रंगून सांगतो."

शेवाळलेल्या पायरीशी तरुण दिगंबरने हात पुढे केला. तो हाती लागायचा नाही हे ठाऊक असूनही शालनने आपला हात त्यात ठेवला. ओतारी तिला सावरायला धावले.

"सावकाश, आजोबा," तरुण दिगंबर अदबीने म्हणाला. "या वाटेवर पहिल्यांदाच आलात?"

"माझ्याबरोबर पहिल्यांदाच," शालन म्हणाली.